व्हेपवर आलो तरी मधेच सिगारेट ओढली जाते: नोंद काय ठेवायची आणि घसरलं तर पुढे काय

प्रॉब्लेम साधारण असा असतो. माणूस सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर येतो, पहिले आठ-दहा दिवस झकास जातात, तोंडाला चव येते, कपड्यांना वास नाही, घरचे खूश, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी एक सिगारेट ओढली जाते. एकच. दुसऱ्या दिवशी काही नाही. चार दिवसांनी परत एक. मग सिगारेट सोडायच्या ॲपमधला तो बिनसिगारेटच्या दिवसांचा आकडा शून्यावर आणायचा की नाही ह्यावरून डोक्याची मंडई, आणि असा दोन-तीनदा शून्य झाला की माणूस ॲपच उडवून टाकतो आणि सरळ पाकीट घेऊन येतो. हे इतक्या जणांचं इतक्या सारख्या पद्धतीने होतं की ह्याला इच्छाशक्ती कमी पडली म्हणणं मला तरी पटत नाही. बहुतेक वेळा सेटिंग कुठेतरी चुकलेलं असतं, निकोटीन कमी पडतंय, मशीन ऐनवेळी दगा देतंय, नाहीतर दिवसातली एक ठरावीक जागा मोकळी राहिलीय. ते कुठलं हे नोंदीतून कळतं, पण नोंद तशी ठेवलेली पाहिजे.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, हे सगळं आधीपासून सिगारेट ओढणाऱ्यांसाठीच आहे. जे ओढत नाहीत त्यांनी, शाळा-कॉलेजातल्या पोरांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये, आणि गरोदर असाल तर आधी डॉक्टरशी बोला. व्हेपमध्ये काही जळत नाही म्हणून नुकसान सिगारेटपेक्षा बरंच कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. दोन, व्हेप सगळीकडे कायदेशीर नाही. भारतात 2019 च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. जिथे बंदी आहे तिथे असाल तर निकोटीनचा पॅच, गम, लॉझेंज (चोखायची गोळी) हा रस्ता आहे आणि त्याबद्दल डॉक्टरला विचारा. नोंद आणि घसरण ह्याबद्दल खाली जे आहे ते त्यांनाही जवळपास तसंच लागू पडतं.

मोजायचं काय

बरेच जण झुरके मोजत बसतात. मशीनवर काउंटर असतो ना, मग आज 180, काल 210, बापरे वाढले की. ह्या आकड्याला फार अर्थ नाही. एक झुरका दोन सेकंदाचा, दुसरा पाच सेकंदाचा, आणि व्हेप सिगारेटसारखा एका बैठकीत संपत नाही, तो दिवसभर थोडा थोडा ओढला जातो, त्यामुळे आकडा मोठा दिसणारच. तो बघून घाबरून लोक व्हेप कमी करतात आणि संध्याकाळी सिगारेट पेटवतात. म्हणजे भीतीपोटी जे टाळायचं तेच केलं.

पहिली नोंद एकच, आज सिगारेट किती. शून्य असेल तर शून्य लिहायचं, कोरं सोडायचं नाही, कारण नंतर बघताना कोरी जागा म्हणजे शून्य होतं की लिहायला विसरलो हे कळत नाही. अर्धी ओढून टाकली तर अर्धी लिहा. मित्राच्या सिगारेटचे दोन झुरके मारले तर तेही लिहा.

दुसरी नोंद लोक करतच नाहीत, आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटते. सकाळी डोळे उघडल्यापासून पहिला झुरका किती मिनिटांनी, मग तो व्हेपचा असो वा सिगारेटचा. निकोटीनचं व्यसन किती घट्ट आहे हे तपासायची फागरस्ट्रॉम चाचणी आहे, त्यात सगळ्यात जास्त वजन ज्या प्रश्नांना आहे त्यातला हा एक. पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड चांगलीच घट्ट, तासाभरानंतर असेल तर सैल. महिन्याभरात हा आकडा पाचवरून वीसवर, वीसवरून चाळीसवर सरकत असेल तर मधे दोन सिगारेटी झाल्या तरी तुमची गाडी पुढेच चाललीय, हे लक्षात ठेवा.

तिसरी नोंद लिक्विडची, म्हणजे मशीन तापवून ज्याची वाफ करतं त्या निकोटीनच्या द्रवाची. आठवड्याला किती मिली संपलं आणि ते किती मिलिग्रॅमचं होतं. हिशोब सोपा आहे, 2 मिली पॉड (मशीनमधली लिक्विडची छोटी टाकी) आणि 20 मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर एका पॉडमध्ये 40 मिलिग्रॅम निकोटीन. बाटलीवर टक्के लिहिले असतील तर 2 टक्के म्हणजे 20, 5 टक्के म्हणजे 50. आता हे सगळंच्या सगळं अंगात जात नाही, त्यामुळे एका सिगारेटमधून मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम मिळतं मग 40 म्हणजे इतक्या सिगारेटी झाल्या असला भागाकार करू नका. स्वतःच्या मागच्या आठवड्याशी तुलना करायला हा आकडा आहे, बस.

आणि परवडत असेल किंवा दवाखान्यात सोय असेल तर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र असतं त्यात फुंकून बघा. हा वायू तंबाखू जळल्यावर तयार होतो, व्हेपमध्ये जळणं नाही म्हणून तो वाढत नाही. कोटिनीनच्या (अंगात निकोटीनपासून बनणाऱ्या पदार्थाच्या) टेस्टचा इथे उपयोग नाही, कारण निकोटीन सिगारेटमधून आलं की व्हेपमधून हे तिला कळत नाही. शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो, म्हणजे साधारण 10 पीपीएमच्या (दहा लाखात दहा भागांच्या) खाली. छातीत किती सुधारणा झाली हे आपल्याला दिसत नसतं, हा आकडा मात्र डोळ्यांनी दिसतो, आणि ज्यांना मोजायची आवड आहे त्यांना तो फार धरून ठेवतो.

घसरलात तर त्याच दिवशी लिहायचं

सिगारेट झाली की चार गोष्टी लिहा. किती वाजता, कुठे, कोण सोबत होतं, आणि त्या क्षणी व्हेप कुठे होता. ह्यातली चौथी सगळ्यात महत्त्वाची. उदाहरणादाखल एका आठवड्याचं पान कसं दिसू शकतं बघा:

सोम, सकाळी 7.20, गॅलरी, एकटा, व्हेप चार्जिंगला.
बुध, सकाळी 7.05, गॅलरी, एकटा, व्हेप हातात होता पण मजा आली नाही.
शनि, रात्री 11, पार्टी, जुना ग्रुप, व्हेप गाडीत.

मनात हा माणूस म्हणत असतो की आठवड्यात तीनदा पडलो, माझ्याच्याने होत नाही. पान मात्र सांगतंय की प्रॉब्लेम दोनच आहेत, एक सकाळचा आणि एक शनिवारचा, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. दिवसभराच्या बाकीच्या सगळ्या वेळी, कामावर, जेवल्यावर, गाडी चालवताना, तो बिनसिगारेटचा राहिलाय, पण ते त्याच्या हिशोबातच नाही.

सकाळची सिगारेट

ही सगळ्यात चिवट. कारण साधं आहे, निकोटीन रक्तातून दर दोनेक तासांनी निम्मं होतं, मग सात-आठ तास झोपल्यावर टाकी जवळपास रिकामी असते. सिगारेट ते निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत नेते. तुमचा व्हेप 3 किंवा 6 मिलिग्रॅमचा असेल आणि मशीन छोटं असेल तर त्या वेळी तो पुरा पडणारच नाही, कितीही ओढा. तुम्ही आधी दिवसाला वीस ओढत होता आणि उठल्या उठल्या पहिली पेटवत होता तर इतक्या कमीवर येणं म्हणजे उगाच स्वतःला छळणं आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये लिक्विडला एका मिलीला 20 मिलिग्रॅमची कायदेशीर कमाल मर्यादा आहे आणि जास्त ओढणाऱ्यांना सुरुवातीला त्याच्या आसपासचंच लागतं.

पण जास्त मिलिग्रॅमचं साधं लिक्विड घशाला जाम टोचतं, म्हणून लोक खाली येतात. अशा वेळी निकोटीन सॉल्टवालं लिक्विड घ्या, ते त्याच ताकदीला घशाला मऊ लागतं. मशीन तोंडात धूर घेऊन मग आत ओढायचं असलेलं पाहिजे, म्हणजे एक ओहम किंवा त्याहून जास्त कॉइलचं (कॉइल म्हणजे लिक्विड तापवणारी तार, ओहम हे तिच्या विद्युत रोधाचं माप). मोठे ढग सोडणाऱ्या मशीनमध्ये 20 चं सॉल्ट टाकू नका, चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी ठरलेली.

ओढायची पद्धतही बदलावी लागते. सिगारेटला आपण झटकन, जोरात ओढतो. व्हेपला तसं ओढलं तर लिक्विड तोंडात येतं किंवा गुळगुळ आवाज येतो आणि निकोटीन धड मिळत नाही. तीन-चार सेकंद सावकाश, आणि दोन झुरक्यांमध्ये जरा दम. सकाळी तसे काही झुरके घेऊन पाच मिनिटं थांबा आणि मग ठरवा. एवढ्यानेही भागत नसेल तर डॉक्टरशी बोलून सोबत पॅच लावता येतो, पॅच खालून एक थर धरून ठेवतो आणि व्हेप वरची तलफ भागवतो.

मशीनमुळे झालेली घसरण

ह्याला लोक घसरण म्हणतात, मी ह्याला मेंटेनन्स म्हणतो. बॅटरी संपली, पॉड गळला, लिक्विड संपलं, कॉइल जळली, आणि नेमका तेव्हा कोणीतरी पाकीट पुढे केलं. नोंदीच्या चौथ्या रकान्यात "चार्जिंगला", "घरी राहिला", "जळका वास" असं दोनदा जरी आलं तरी आधी इथे लक्ष द्या, बाकी मानसशास्त्र नंतर.

जळक्या चवीबद्दल थोडं सविस्तर, कारण ह्यानेच बरेच जण परत जातात. कॉइलच्या आत कापूस असतो, तो लिक्विडने भिजलेला असेपर्यंत वाफ होते, कोरडा पडला की कापूसच करपतो आणि घशात असा काही झटका बसतो की डोळ्यांत पाणी येतं. एकदा करपलेला कापूस परत भिजवून सुधारत नाही, ती कॉइल गेलीच. नवीन कॉइल टाकताना कापसाच्या भोकांवर दोन-चार थेंब लिक्विड टाका, टाकी भरा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. घाईने लगेच ओढलं की नवी कॉइल पहिल्याच झुरक्यात मरते. गोड, गडद रंगाचं लिक्विड वापरत असाल तर कॉइलवर काळा थर लवकर बसतो, एक-दोन आठवड्यांत बदलायची तयारी ठेवा. आणि मशीनचे वॅट कॉइलवर लिहिलेत तेवढेच ठेवा.

बाकी उपाय म्हणजे एक जास्तीचं साधं मशीन चार्ज करून बॅगेत ठेवणं, बस, ह्यात तत्त्वज्ञान काही नाही. फक्त लिक्विडची बाटली लहान पोरांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, निकोटीन गिळलं तर विषच आहे. आणि लेबल नसलेलं, कुठून आलं माहीत नाही असं लिक्विड फुकट मिळालं तरी नको. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं खराब होऊन लोक मेले, त्यातला मोठा धागा काळ्या बाजारातल्या गांजाच्या लिक्विडमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत पोचला होता.

पार्टीतली सिगारेट

इथे निकोटीनचा प्रश्न कमी आणि हाताचा, सोबतीचा जास्त. दोन पेग गेले की ठरवलेलं सगळं विरघळतं. पहिल्या महिन्यात दारूची बैठक टाळता आली तर टाळा, नाही टाळता आली तर आधीच एकाला सांगून ठेवा की मला देऊ नकोस, आणि व्हेप गाडीत नाही तर खिशात ठेवा. सगळे ओढायला बाहेर गेले की त्यांच्यासोबत बाहेर जावं की नाही ह्यावर दोन मतं आहेत. माझ्या मते पहिले काही आठवडे नको. तलफ तशी काही मिनिटांचीच असते, ती बाहेर धुराच्या वासात काढण्यापेक्षा आत बसून काढणं सोपं.

"मी रोज फक्त एकच ओढतो"

ही घसरण नाही, हा करार आहे. नोंदीत रोज त्याच वेळी एक दिसत असेल तर तुम्ही सिगारेटही ओढताय आणि व्हेपही. वीसवरून एकवर आलो म्हणजे धोका वीसपट कमी, असं गणित मनात असतं, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत कमी ओढण्याचा बराच फरक पडतोही, पण हृदय तसं वागत नाही. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं होतं, त्यात रोज एक ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका निघाला तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या साधारण निम्मा होता. एका सिगारेटला निम्मा! म्हणून ती शेवटची एक काढणं हेच खरं काम आहे, आणि ती हळूहळू कमी होत नाही कारण एकाची अर्धी कोणी करत बसत नाही. एक तारीख ठरवा, त्या वेळेला त्या जागेवर जाणंच बदला, आणि पंधरा दिवस त्या वेळी जास्त ताकदीचा पॉड वापरा.

सिगारेट झाल्यावरचा पुढचा तास

ॲलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व्यसनावर काम करताना हे नीट मांडून ठेवलंय: एकदा मोडलं की माणूस म्हणतो आता मोडलंच आहे तर मोडू दे, आणि मग खरं नुकसान पहिल्या सिगारेटने होत नाही, ह्या विचाराने ओढलेल्या पुढच्या पाकिटाने होतं. त्यामुळे पुढच्या तासात करायचं एवढंच. हातात उरलेल्या सिगारेटी असतील तर भिजवून टाका, "उद्यासाठी" ठेवू नका. लायटर द्या कोणाला तरी. व्हेप घ्या, चार गोष्टी लिहा, झालं. उद्यापासून परत सुरू असं नाही, ह्याच मिनिटापासून.

ॲपचा आकडा शून्य करायचा का? माझं म्हणणं करू नका. महिन्यात बिनसिगारेटचे दिवस किती, हे मोजा. तीसपैकी सत्तावीस हा आकडा खरा आहे, आणि "आज पहिला दिवस" हा तितका खरा नाही. संशोधनातसुद्धा माणूस सुटला की नाही ठरवायला रसेल स्टँडर्ड नावाचा निकष वापरतात, त्यात सहा महिन्यांत पाचपर्यंत सिगारेटी झाल्या तरी सुटला असंच धरतात. आता हे वाचून पाचाचा कोटा मिळाला असं समजू नका, पण एकाने सगळं बुडालं असंही नाही. आठवड्याला एकदा होत असेल मात्र तर पान उघडून वर म्हटल्याप्रमाणे कुठली जागा आहे ते शोधा.

व्हेप सूट होत नाहीये असं वाटणं

पुष्कळ जण घसरतात ते "ह्याने मला त्रास होतोय" म्हणून. झोप उडाली, छातीत धडधड, हात थरथरतात, म्हणजे व्हेपचं निकोटीन जास्त झालं असं वाटतं. असेलही. पण कॉफी बघा आधी. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं लिव्हरमधलं कॅफीन फोडणारं एन्झाइम वाढवून ठेवतात, हे काम निकोटीन करत नाही, धूर करतो. धूर बंद झाला की तेच एन्झाइम कमी होतं आणि तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ रेंगाळते. दोन-चार दिवसांत हे सुरू होतं. कॉफी-चहा निम्मा करून बघा. ह्याच कारणाने क्लोझापीन, ओलान्झापीन, थिओफिलीन अशी औषधं चालू असतील तर सिगारेट बंद करताय हे डॉक्टरला सांगायलाच हवं, डोस कमी करावा लागू शकतो.

खोकला काही आठवडे वाढू शकतो, श्वासनलिकेतले केस परत कामाला लागतात म्हणून. तोंड कोरडं पडतं ते लिक्विडमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे, पाणी पीत राहा. तोंडात फोड येणं हेही सिगारेट सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं, व्हेपला लगेच दोष नको. पण खोकल्यातून रक्त, दम लागणं, छातीत दुखणं असेल तर इथे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

मिलिग्रॅम कधी उतरवायचे

घाई नको. 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत वर्षाअखेर व्हेपवाल्या गटातले 18 टक्के सिगारेटमुक्त होते, पॅच-गमवाल्या गटातले 9.9 टक्के. पण त्या व्हेपने सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानेही व्हेप ओढतच होते. म्हणजे व्हेपही सोडायचा असेल तर तो वेगळा टप्पा आहे, दोन्ही एकदम करायला गेलं की पहिलंच हातचं जातं. सिगारेटच्या रकान्यात दोन-तीन महिने सलग शून्य दिसले आणि सकाळचा पहिला झुरका अर्ध्या तासाच्या पुढे गेला, की 20 वरून 15-16 वर या. लिक्विड जास्त संपायला लागलं तर घाबरू नका, शरीर भरपाई करतं, एक-दोन आठवड्यांत स्थिर होतं. सिगारेटच्या रकान्यात मात्र एकसुद्धा आली तर परत वरच्या ताकदीवर जा आणि महिनाभर तिथेच थांबा.